टायरवर नाव एकाचं, गोष्ट भलत्याचीच! हवेचा टायर बनवणाऱ्या जनावरांच्या डॉक्टरची कहाणी आणि '१८५/६५ आर १५ ८८ एच' चा अर्थ

गाडीचे टायर बदलायची वेळ आली की आपण दुकानात जातो आणि दुकानदार पहिला प्रश्न विचारतो तो साईजचा. मग आपण गाडीशेजारी उकिडवे बसून टायरच्या कडेवरची धूळ अंगठ्याने पुसतो. तिथं इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत काहीतरी लिहिलेलं असतं. समजा, १८५/६५ आर १५ ८८ एच. त्याचा फोटो काढून आपण दुकानदाराला दाखवतो आणि पुढची चर्चा सुरू होते ती कंपनीच्या नावावर. कोणती कंपनी चांगली, कोणती टिकते, कोणती स्वस्त पडते.

म्हणजे टायरवर दोन गोष्टी लिहिलेल्या असतात, नाव आणि आकडे. नाव मोठ्या अक्षरांत असतं म्हणून आपण ते वाचतो. आकडे बारीक असतात म्हणून सोडून देतो. खरं तर तुमच्या गाडीला तो टायर चालेल की नाही हे सांगायचं काम आकडे करतात.

हे नीट समजून घ्यायचं असेल तर एका माणसाचं आयुष्य बघायला हवं. टायरच्या इतिहासात त्याच्याइतकं गाजलेलं नाव क्वचितच सापडेल. पण तो ना इंजिनिअर होता, ना रबराचा व्यापारी. त्याचं पेटंट रद्द झालं, त्याच्या नावाची कंपनी त्याच्या हातात राहिली नाही आणि म्हातारपणी त्याच कंपनीविरुद्ध तो कोर्टात गेला.

त्याचं नाव जॉन बॉइड डनलॉप.

शेतकऱ्याचा मुलगा, जनावरांचा डॉक्टर

डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधल्या ड्रेगहॉर्न या गावी, एका शेतकरी कुटुंबात झाला. आपण दिवस भरायच्या दोन महिने आधीच जन्मलो, असं त्यांना आईकडून कळलं होतं. त्यामुळे आपली तब्येत नाजूक आहे ही समजूत त्यांच्या मनात पक्की बसली. ते आयुष्यभर स्वतःला जपत राहिले आणि प्रत्यक्षात मात्र म्हातारपणापर्यंत त्यांना मोठं असं आजारपण आलंच नाही.

एडिंबरोला त्यांनी पशुवैद्यकाचं शिक्षण घेतलं. १८६७ मध्ये ते आयर्लंडला गेले. तिथं डाउनपॅट्रिक गावात भाऊ जेम्स यांच्यासोबत त्यांनी जनावरांचा दवाखाना चालवला. १८७१ मध्ये मार्गारेट स्टीव्हन्सन यांच्याशी त्यांचं लग्न झालं. त्यांना एक मुलगी आणि एक मुलगा झाला. पुढे डनलॉप बेलफास्ट शहरात आले आणि मे स्ट्रीटवर त्यांनी दवाखाना थाटला. १८८० च्या दशकात हा दवाखाना आयर्लंडमधल्या सर्वांत मोठ्या दवाखान्यांपैकी एक होता.

तेव्हाचं बेलफास्ट डोळ्यांसमोर आणा. मोटारी नाहीत. सगळी वाहतूक घोड्यांवर. रस्ते दगडी चिऱ्यांचे आणि गाड्यांची चाकं लाकडी, त्यावर लोखंडी धाव. सायकली होत्या, पण त्यांच्या चाकांवर भरीव रबराची पट्टी असायची. अशा चाकावर बसून दगडी रस्त्यावरून जाणं म्हणजे हाडं खिळखिळी करून घेणं. घोड्यांवर उपचार करत गावोगाव फिरणाऱ्या डॉक्टरला रस्त्याचे धक्के काय असतात हे वेगळं सांगायची गरज नव्हती.

अंगणातला प्रयोग

डनलॉप यांचा मुलगा जॉनी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा होता. त्याच्याकडे तीन चाकी सायकल होती आणि ती दगडी रस्त्यावर फार हादरायची. मुलाला ती नीट चालवता यावी, एवढ्याच कारणाने वडील कामाला लागले. तेव्हा त्यांचं वय ४७ वर्षांचं होतं.

१८८७ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी लाकडाची एक गोल चकती घेतली. पातळ रबराची नळी तयार केली, ती चकतीभोवती गुंडाळली, वरून लिननचं कापड लावून खिळ्यांनी घट्ट केली आणि फुटबॉलच्या पंपाने आत हवा भरली.

मग त्यांनी तपासणी केली. जॉनीच्या सायकलचं भरीव रबराचं चाक आणि हे नवं हवेचं चाक, दोन्ही अंगणात ढकलून सोडली. जुनं चाक थोडं अंतर जाऊन आडवं पडलं. हवेचं चाक अंगण ओलांडून गेलं, फाटकाच्या खांबावर आदळलं आणि उलट मागे उसळलं.

हे का झालं? भरीव चाक दगडावर चढतं तेव्हा चाकासकट अख्खी गाडी वर उचलली जाते आणि परत खाली आपटते. प्रत्येक दगडाला पुढे जाण्याची थोडी ताकद वाया जाते. हवेचं चाक मात्र दगडापुरतंच दबतं. आतली हवा दबून पुन्हा फुगते, त्यामुळे चाकाचा आस जवळजवळ सरळ रेषेत पुढे जात राहतो. म्हणजे हवेने दोन कामं झाली. धक्का कमी बसला आणि वेगही वाढला. डनलॉप यांना पहिलं काम हवं होतं, दुसरं आपोआप पदरात पडलं. पुढे जगाने टायर उचलून धरला तो या दुसऱ्या कामामुळे.

त्यांनी जॉनीच्या सायकलच्या मागच्या दोन्ही चाकांना हवेचे टायर बसवले. मग मोठ्या सायकलींवर प्रयोग केले. जुलै १८८८ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि ७ डिसेंबर १८८८ रोजी त्यांना पेटंट मिळालं.

पहिले दोन आकडे: १८५/६५

इथं थोडं थांबू आणि आपल्या टायरकडे वळू. कारण त्यावरचे पहिले दोन आकडे डनलॉप यांच्या अंगणातल्या कल्पनेबद्दलच बोलतात.

१८५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ही रुंदी रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीची नव्हे. टायर रिमवर बसवून हवा भरल्यावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जी रुंदी भरते, ती ही.

६५ हा आकडा सगळ्यात जास्त चकवतो. तो मिलिमीटरमध्ये नसतो, टक्क्यांत असतो. टायरच्या कडेची उंची, म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंतचं रबराचं अंतर, रुंदीच्या किती टक्के आहे ते तो सांगतो. १८५ चे ६५ टक्के म्हणजे साधारण १२० मिलिमीटर. तुमच्या गाडीचं लोखंडी किंवा अलॉयचं रिम आणि रस्त्यातला खड्डा यांच्यामध्ये हवेची जी गादी आहे, तिची जाडी ही एवढी. डनलॉप यांनी जॉनीसाठी बनवली ती हीच गादी.

जुन्या लोकांना वेगळे आकडे आठवत असतील. अॅम्बेसेडरच्या टायरवर ५.९०-१५ लिहिलेलं असायचं, पद्मिनीच्या टायरवर ५.२०-१४. तिथं पहिला आकडा रुंदीचा आणि तोही इंचांत. उंची वेगळी लिहायची पद्धत नव्हती, कारण तेव्हाच्या टायरची उंची जवळजवळ रुंदीइतकीच असायची. पुढे टायर रुंद आणि बुटके होत गेले, तेव्हा टक्केवारी लिहिणं भाग पडलं.

शर्यत आणि हसणारे प्रेक्षक

पेटंट मिळालं तरी विकत कोण घेणार? हवेचे टायर जाडजूड दिसायचे. तेव्हाच्या सायकलींच्या बारीक चाकांपुढे ते विचित्रच वाटत. लोक हसायचे.

बेलफास्टमधल्या एका सायकल क्लबचा कप्तान विली ह्यूम याने मात्र धोका पत्करला. तो नावाजलेला शर्यतपटू वगैरे नव्हता. १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर तो हवेच्या टायरची सायकल घेऊन उतरला आणि भरीव टायरवाल्या नामांकित गड्यांना मागे टाकून जिंकला. नंतर लिव्हरपूलमध्येही त्याने एक सोडून सगळ्या शर्यती मारल्या. हसणं थांबलं.

हरलेल्यांमध्ये डब्लिनच्या एका व्यापाऱ्याची मुलं होती. या व्यापाऱ्याचं नाव हार्वी ड्यू क्रो. आयर्लंडच्या सायकलपटूंच्या संघटनेचे ते अध्यक्ष होते. मुलं का हरली हे त्यांच्या लगेच लक्षात आलं आणि त्यात धंदा आहे हेही. त्यांनी डनलॉप यांच्याशी संधान बांधलं. १८८९ च्या नोव्हेंबरमध्ये डब्लिनमध्ये कंपनी उभी राहिली. डनलॉप यांनी आपलं पेटंट ड्यू क्रो यांच्याकडे सोपवलं आणि बदल्यात कंपनीचे शेअर घेतले.

जनावरांचा डॉक्टर आता टायर कंपनीचा भागीदार झाला होता. सगळं सुरळीत चाललं होतं. आणि मग एक जुना कागद निघाला.

पेटंट गेलं

१८९० मध्ये डनलॉप यांना कळवण्यात आलं की त्यांचं पेटंट ग्राह्य धरता येणार नाही. कारण हवेच्या टायरचं पेटंट त्याआधी ४० हून अधिक वर्षं एका माणसाने घेऊन ठेवलं होतं.

तो माणूसही स्कॉटलंडचाच. रॉबर्ट विल्यम थॉमसन. १८४५ मध्ये त्याने ब्रिटनमध्ये हे पेटंट घेतलं, तेव्हा डनलॉप पाच वर्षांचे होते. थॉमसनचे हवेचे टायर घोडागाडीला बसवून लंडनच्या एका बागेत फिरवूनही दाखवले होते. टायर चालले, पण कल्पना चालली नाही. त्या काळी मोटार नव्हती आणि आजच्यासारखी सायकलही नव्हती. रबर महाग होतं. घोड्याला ओढायला सोपं जावं म्हणून एवढा खर्च कोण करणार? कल्पना विसरली गेली आणि १८७३ मध्ये थॉमसनही गेला.

डनलॉप यांना या पेटंटची कल्पना नव्हती. त्यांनी कुणाची नक्कल केली नव्हती. पण पेटंटच्या कायद्यात तुम्हाला माहीत होतं की नव्हतं याला किंमत नसते. तीच गोष्ट आधी कुणी नोंदवून ठेवली असेल तर तुमचा हक्क संपतो.

मग हवेच्या टायरचं श्रेय कुणाचं? कल्पना पहिल्यांदा थॉमसनला सुचली यात वाद नाही. पण रस्त्यावर टिकणारा, विकला जाणारा, लोकांच्या रोजच्या वापरात येणारा टायर डनलॉप यांच्यापासून सुरू झाला हेही तितकंच खरं आहे. त्यात काळाचाही हात होता. १८८५ च्या सुमारास दोन सारख्या, लहान चाकांची, चेनवर चालणारी सायकल बाजारात आली होती. लहान चाकं खड्ड्यांत जास्त हादरतात. हवेच्या टायरची गरज नेमकी तेव्हाच तयार झाली होती.

पुढचा आकडा: आर १५

पेटंट गेल्यावर कंपनी बुडायला हवी होती. ती बुडाली नाही, कारण ड्यू क्रो यांनी दुसऱ्यांची दोन पेटंटं मिळवली. ती हवेबद्दल नव्हती, टायर रिमवर कसा बसवायचा याबद्दल होती.

डनलॉप यांच्या मूळ टायरची ही मोठी अडचण होती. तो चाकाला चिकटवलेला असे. पंक्चर झालं की सगळं उकलायचं, ठिगळ लावायचं, पुन्हा चिकटवायचं आणि वाळेपर्यंत वाट बघायची. यात तासन् तास जात.

१८९० मध्ये चार्ल्स वेल्च याने उपाय काढला. टायरच्या आतल्या दोन्ही कडांत ताणली न जाणारी तार घालायची आणि रिमला खोबणीचा आकार द्यायचा. हवा भरली की तारेची कड रिममध्ये घट्ट बसते, हवा काढली की टायर हाताने निघतो. त्याच वर्षी विल्यम बार्टलेट याने दुसऱ्या प्रकारे रिममध्ये अडकणारी कड बनवली. आजच्या मोटारीचा टायर बसतो तो वेल्चच्या तारेच्या तत्त्वावर.

आता आपल्या टायरवरचा १५ हा आकडा बघा. तो रिमचा व्यास आहे, इंचांत. एकाच ओळीत रुंदी मिलिमीटरमध्ये आणि रिम इंचांत, असा हा कारभार आहे. हा आकडा मात्र तडजोड करत नाही. तार ताणली जात नसल्यामुळे १५ इंचाचा टायर १६ इंचाच्या रिमवर बसत नाही आणि बसवू पाहू नये.

त्या आधीचं 'आर' हे अक्षर अनेकांना रिमचं किंवा रेडियसचं वाटतं. ते रेडियलचं आहे. टायरच्या रबराखाली दोऱ्यांचे थर असतात. जुन्या टायरमध्ये ते तिरके, एकमेकांना छेद देणारे असत. रेडियलमध्ये ते एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे, म्हणजे फिरण्याच्या दिशेला काटकोनात असतात आणि नक्षीखाली पोलादी तारांचा पट्टा असतो. त्यामुळे टायर कमी तापतो आणि जास्त टिकतो. हे पेटंट फ्रान्सच्या मिशेलिन कंपनीने १९४६ मध्ये घेतलं. अॅम्बेसेडरच्या ५.९०-१५ मध्ये 'आर' नाही, नुसती आडवी रेघ आहे, कारण तो तिरक्या दोऱ्यांचा टायर होता.

म्हणजे एका ओळीत किती जण आले ते पाहा. हवा थॉमसन आणि डनलॉप यांची. रिमवरची पकड वेल्चची. आर मिशेलिनचा. नाव मात्र मोठं झालं डनलॉप यांचं. आणि त्याच नावाने त्यांना पुढे त्रास दिला.

कंपनी त्यांची, पण ते कंपनीचे नाहीत

१८९२ मध्ये डनलॉप दवाखाना सोडून डब्लिनला राहायला गेले. पण कंपनीची सूत्रं ड्यू क्रो यांच्याकडे होती. दोघांचे स्वभाव वेगळे होते. एकाला मोठा धंदा दिसत होता, दुसरा सावधपणे चालणारा होता. १८९५ मध्ये डनलॉप कंपनीतून बाहेर पडले.

पुढच्याच वर्षी, १८९६ मध्ये, ड्यू क्रो यांनी हा धंदा टेरा हूली नावाच्या ब्रिटिश सावकाराला ३० लाख पौंडांना विकला. हूलीने संचालक मंडळावर बडी नावं आणून बसवली आणि काही काळातच तीच कंपनी लोकांना शेअर विकून ५० लाख पौंडांना उभी केली. ज्या टायरवर लोक हसले होते त्याची ही किंमत होती. डनलॉप यांच्या वाट्याला यातलं फार थोडं आलं. ते खाऊनपिऊन सुखी होते, डब्लिनमधल्या एका कापड दुकानात त्यांची भागीदारी होती. पण टायरने जे कोट्यधीश घडवले त्यांत ते नव्हते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कंपनीने डनलॉप रबर हे नाव घेतलं. दाढीवाल्या डनलॉप यांचा चेहरा कंपनीची निशाणी बनला. चेहरा वापरायला त्यांनीच परवानगी दिली होती. पण पुढे जाहिरातीत त्या चेहऱ्याखाली भलतंच धड जोडलं जाऊ लागलं. उंच पांढरी टोपी, पांढरा वेस्टकोट, हातात छडी, डोळ्याला एका काचेचा चष्मा. नटूनथटून मिरवणारा कुणी छानछोकीवाला असावा तसा. आयुष्यभर घोडे तपासलेल्या, साध्या राहणीच्या माणसाला आपला असा तमाशा झालेला आवडला नाही. डनलॉप यांनी डनलॉप कंपनीविरुद्ध बदनामीचा दावा लावला. हे प्रकरण थेट ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं.

विचार करा, ऐंशीच्या घरातला एक म्हातारा कोर्टाला सांगतोय की माझ्या नावाने फिरणारा तो माणूस मी नाही.

शेवटची जोडी: ८८ एच

टायरवरच्या ओळीत शेवटी एक आकडा आणि एक अक्षर राहिलं. खरेदी करताना सगळ्यात जास्त दुर्लक्ष यांच्याकडेच होतं.

८८ म्हणजे ८८ किलो नव्हे. तो भाराच्या तक्त्यातला क्रमांक आहे. ८८ चा अर्थ, योग्य हवा असताना हा एक टायर ५६० किलोपर्यंत भार घेऊ शकतो. ८२ असेल तर ४७५ किलो आणि ९१ असेल तर ६१५ किलो. पाच माणसं, डिकीत सामान आणि वर कॅरिअर लावून गावाला निघताना हा आकडा कामाला येतो. आणि योग्य हवा ही अट विसरू नका. भार उचलते ती मुख्यतः आतली हवा, रबर तिला फक्त कोंडून धरतं. हवा कमी असेल तर टायरची कड वारंवार वाकते, तापते आणि फुटू शकते.

एच म्हणजे वेगाची मर्यादा, ताशी २१० किलोमीटर. एस म्हणजे १८०, टी म्हणजे १९०, व्ही म्हणजे २४०. एवढ्या वेगाने गाडी चालवायची परवानगी मिळाली असा याचा अर्थ नाही. टायर किती उष्णता सहन करू शकतो याचा तो अंदाज आहे. त्यामुळे कंपनीने गाडीसाठी दिलेल्या अक्षराच्या खाली जाऊ नये.

आता एक व्यवहारातलं उदाहरण घेऊ. १८५/६५ आर १५ च्या जागी गाडी झकास दिसावी म्हणून १९५/५५ आर १६ बसवायचं ठरवलं. आधी मोठी रिम घ्यावी लागेल. मग हिशेब करू. पहिल्या टायरची बाहेरून बाहेर उंची म्हणजे रिमचे ३८१ मिलिमीटर आणि दोन्हीकडच्या कडा मिळून २४०.५, एकूण ६२१.५. दुसऱ्याची ४०६.४ आणि २१४.५, एकूण ६२०.९. दोन्ही जवळपास सारखे, त्यामुळे स्पीडोमीटर चुकणार नाही. पण कडेची उंची १२० वरून १०७ मिलिमीटरवर आली. म्हणजे खड्डा आणि रिम यांच्यामधली हवेची गादी १३ मिलिमीटरने पातळ झाली. वळणावर गाडी जास्त घट्ट वाटेल, पण पावसाळ्यात पाण्याने भरलेला खड्डा दिसला नाही तर रिम वाकण्याची शक्यता वाढेल. निर्णय तुमचा, फक्त तो आकडे वाचून घ्या.

नाव कुठे कुठे गेलं

हवेच्या टायरची मागणी वाढली तशी जगाची रबराची भूकही वाढली आणि त्याची एक काळी बाजू आहे. बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या ताब्यातल्या काँगोमध्ये जंगली रबर गोळा करून आणण्यासाठी तिथल्या लोकांवर भयानक अत्याचार झाले. ठरलेलं रबर न आणणाऱ्या गावांना ओलीस धरणं, लोकांना ठार मारणं, हात तोडणं असे प्रकार जगासमोर आले, तेव्हा १९०८ मध्ये राजाला काँगोवरचा खासगी ताबा सोडावा लागला. एका मुलाच्या सायकलसाठी झालेला प्रयोग कुठवर जाऊ शकतो, हे तेव्हा अंगणात कुणाला दिसणं शक्य नव्हतं.

भारतातही हे नाव घरोघरी पोचलं. पश्चिम बंगालमध्ये हुगळीकाठी साहागंजला १९३६ मध्ये डनलॉपचा टायर कारखाना सुरू झाला. आज तो बंद आहे. ब्रँडही पुढे निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या कंपन्यांच्या हाती गेला. पण शब्द उरला. उत्तर भारतात रबरी टायरच्या बैलगाडीला डनलप गाडी म्हणतात. आपल्याकडे ऊसतोडीच्या हंगामात साखर कारखान्यांच्या रस्त्यांवर दिसते ती टायरगाडी. लाकडी चाकाच्या तुलनेत हवेच्या टायरची गाडी बैलांना ओढायला हलकी जाते. जनावरांच्या डॉक्टरची ही कल्पना शेवटी जनावरांच्याही कामी आली, असं म्हणायला हरकत नाही. (गाडीवर लादलेला ऊसही त्या हिशेबाने वाढला, हा भाग वेगळा.)

फोमच्या गादीला आपण सर्रास डनलॉपची गादी म्हणतो, तीही कंपनीचीच देणगी. तो फोम डनलॉप यांच्या मृत्यूनंतर तयार झाला. साध्या सायकलच्या ट्यूबचा जो व्हॉल्व्ह असतो, ज्यावर सायकलवाला वॉलट्यूब चढवतो, त्यालाही डनलॉप व्हॉल्व्ह म्हणतात. तो शोधला वुड्स नावाच्या माणसाने. नाव पुन्हा डनलॉप यांचंच.

अखेर

ऑक्टोबर १९२१ मध्ये डनलॉप यांना सर्दी झाली. जन्मभर तब्येतीला जपणारा हा माणूस त्यातून उठला नाही. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी डब्लिनमधल्या राहत्या घरी वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. डब्लिनच्या डीन्सग्रेंज दफनभूमीत त्यांना पुरण्यात आलं. हवेच्या टायरचा इतिहास त्यांनी स्वतः लिहून ठेवला होता. तो त्यांच्या मृत्यूनंतर मुलीने प्रसिद्ध केला. उत्तर आयर्लंडमधल्या एका बँकेने पुढे आपल्या १० पौंडांच्या नोटेवर त्यांचा चेहरा छापला. तिथं तरी त्यांच्या डोक्यावर पांढरी टोपी नाही.

डनलॉप यांचं आयुष्य एक साधी गोष्ट सांगतं. नाव विकलं जातं, हातोहात फिरतं आणि मूळ माणसाशी त्याचा संबंध उरत नाही. त्यामुळे टायरवरच्या नावावर फार विसंबू नका. आकडे मात्र तुमच्या गाडीशी थेट बोलत असतात.

पुढच्या वेळी टायर घ्यायला जाताना एवढंच करा. ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो. त्यावर गाडीची टायर साईज आणि हवेचा दाब दिलेला असतो. तो आणि नव्या टायरवरची ओळ जुळवून बघा. रुंदी, टक्केवारी, रिम जुळायला हवी. भाराचा क्रमांक आणि वेगाचं अक्षर निदान तेवढं तरी हवं, जास्त चालेल. मग टायरच्या कडेवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारा कोड शोधा. त्याच्या शेवटी चार आकडे असतात. ४२२३ असेल तर तो टायर २०२३ च्या ४२ व्या आठवड्यात बनला आहे. फार वर्षं दुकानात पडून असलेला टायर दिसायला नवा असला तरी त्याचं रबर जुनं झालेलं असतं.

हे सगळं बघून झालं की मग नाव वाचा.